नवा पदार्थ आणि खरा शब्द

बेळगाव-निपाणीकडे कन्नड शेजारणीकडून शिकलेली एण्णेगायी, म्हणजे आपल्या भरल्या वांग्यांची बहीणच, मराठी घरात पहिल्यांदा शिजते. चाखायला शेजारीण येते. शेंगदाणे-तिळाचे कूट घातलेला मसाला कच्चा राहिला, हे तिला पहिल्या घासालाच कळते. तरी "छान झालंय" म्हणावे काय?

आम्हांस वाटते, ती गप्प राहिली तर पुढल्या वेळीही मसाला कच्चाच राहील. चारचौघांत बोलली तर रांधणारी पुन्हा नवे करायला धजणार नाही. म्हणून ताटावर आभार मानावेत, चुलीपाशी खरे सांगावे. आणि "कसे झाले?" विचारणारीनेही आपल्याला स्तुती हवी की उत्तर, हे आधी मनाशी ठरवावे. पंगतीतली मुले दोघींचेही ऐकत असतात.