कोथिंबिरीचा भाव

खोटं बोलणं हे पाप आहे की नाही, या प्रश्नावर थोरामोठ्यांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. जर्मनीत कान्ट नावाचे तत्त्ववेत्ते होऊन गेले. दारात खुनी येऊन ‘तुमचा मित्र घरात लपलाय का?’ असं विचारू लागला तरी त्याच्याशी खोटं बोलू नये, असं त्यांनी १७९७ साली लिहून ठेवलं. कान्ट आजन्म अविवाहित होते. महिनाअखेरीला घर चालवायची पाळी त्यांच्यावर आली नाही, एवढंच मी म्हणेन.

आमच्या घरात कान्टचा पक्ष बाबांकडे होता. बाबा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. रात्री जेवणं आटोपली की जमाखर्चाची वही उघडायची आणि आईची उलटतपासणी सुरू व्हायची.

“कोथिंबीर?”

“रुपया.”

“काल बारा आणे होती.”

“पाऊस नाही का पडला!”

पाऊस पडला तरी कोथिंबीर महाग, नाही पडला तरी महाग. बाबा मुकाट्याने रुपया लिहीत आणि वरचे चार आणे हिंगाच्या डब्यात जात.

१९९१ साली माझं अपेंडिक्स काढावं लागलं तेव्हा त्या डब्यातून पैसे निघाले. “दादाने पाठवलेत,” असं आईने ठोकून दिलं. बाबांनी वहीत ‘शालकाकडून मदत’ अशी नोंद केली. तेव्हापासून भाऊबीजेला मामा आला की बाबा स्वतः त्याच्या पानात तूप वाढायचे. मामा बिचारा गोंधळायचा. पण आयतं तूप कोण नाकारतो?

आता, हे पैसे कोणाचे? आमच्या कॉमर्सच्या भाषेत याला सरळ अपहार म्हणतात. बँकेत मी असं केलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसेन. पण याज्ञवल्क्यस्मृतीत म्हटलंय, की दुष्काळात, धर्मकार्यात, आजारपणात किंवा कैदेत पडल्यावर नवऱ्याने बायकोचं स्त्रीधन वापरलं, तर ते परत करायचं बंधन त्याच्यावर नाही. कोथिंबिरीवरचे चार आणे स्त्रीधनात बसतात का, यावर वकील खुशाल भांडोत. एक कैद सोडली तर बाकी सगळ्यासाठी आमचा डबा उघडला गेला. ताईचं लग्न हे धर्मकार्य, आणि महागाई हा तर बारमाही दुष्काळच.

बाबा चारचौघांत छाती काढून सांगायचे, “मी जन्मात कोणापुढे हात पसरला नाही.” ते अक्षरशः खरं होतं. फक्त ते खरं राहावं म्हणून आईला रोज रात्री खोटं बोलावं लागत होतं. धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीच्या चार बोटं वरून चालायचा. आमच्या घरचाही चालायचा, खालून आईने खांदा दिला होता म्हणून.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. बाबा टीव्हीपुढे निर्धास्त. “आपल्याकडे दोनच नोटा. वहीत आहेत.” आईने मात्र घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली. मध्यरात्री तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि एकामागून एक तीन डबे पुढ्यात ठेवले. पाचशेच्या सत्त्याऐंशी नोटा! खात्यावर भरल्या तेव्हा काउंटरभर हिंगाचा वास सुटला होता.

भरणा पावती बाबांच्या हाती लागलीच. ते रागावले नाहीत. चार दिवस माळ्यावरच्या जुन्या वह्या काढून बसले. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, “म्हणजे एक्क्याण्णव साली तुझ्या दादाने पैसे दिलेच नव्हते?”

“नाही.”

“मग इतकी वर्षं मी त्याला तूप कशाला वाढत होतो?”

“माझा भाऊ आहे म्हणून,” आई म्हणाली आणि तिने त्यांना भात वाढला.

आई २०१९ साली गेली. त्यानंतरची दोन वर्षं, म्हणजे ते होते तोवर, बाबा स्वतः पिशवी घेऊन मंडईत जात. त्यांच्यामागे घर आवरताना त्या दोन वर्षांची वही सापडली. बाजारात पंधराला मिळणारी कोथिंबिरीची जुडी वहीत रोज पंचवीसला होती. मी फळीवरचा हिंगाचा डबा काढला. चांगला जड लागला.