बर्फावरची विद्वत्सभा

माझी भाची भौतिकशास्त्रात संशोधन करते. आल्प्समधल्या ‘मोरियों’ परिषदेतून तिनं फोन केला: सकाळी शोधनिबंध, दुपारी बर्फावर स्नोबोर्ड, संध्याकाळी पुन्हा चर्चा. 1966मध्ये झाँ त्रान थान्ह व्हान यांनी ही परिषद सुरू केली. माझ्या आईनं विचारलं, “पोरगी शिकायला गेली का खेळायला?”

निफाडच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. इथं पारा उतरला की द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटतात; दव गोठतं तेव्हा घड वाचवायचे असतात, खेळ कुणाला सुचतो?

पण हीच आई पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीबरोबर त्र्यंबकला जाते, वाटेत फुगडी घालते. तिची भक्ती त्यानं उणी होत नाही. गीतेचा सहावा अध्यायही योग्याला उपाशी ठेवत नाही. आहार आणि विहार बेताचे असावेत, एवढंच सांगतो. दिंडीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. उतारावर नामवंत प्राध्यापक आणि नवखी विद्यार्थिनी सारखेच आपटतात, आणि संध्याकाळी तिला त्यांना प्रश्न विचारायची भीती उरत नाही. मी याला ज्ञानसाधनाच म्हणतो.

मात्र या विहाराचा भार संशोधनाच्या अनुदानावर पडता कामा नये. भाचीनं स्नोबोर्डचं भाडं स्वतःच्या पैशांतून भरलं, ते योग्यच केलं.