पुराची खूण आणि व्हॅल्युअरची नोंद

महाडच्या बाजारपेठेत दुकानाची किंमत काढायला व्हॅल्युअर येतो तो बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये. कर्जाची फाईल तेव्हा धावत असते, ऊन लख्ख असतं आणि भिंतीला ताजा रंग असतो. 22 जुलै 2021च्या पुरात सावित्री-गांधारी नद्यांचं पाणी कुठवर चढलं होतं, हे त्या रंगाखाली गेलेलं असतं. शेजारच्या किराणावाल्याला मात्र ते विचारताक्षणी हात उंचावून दाखवता येतं. त्याला विचारणं, ही या धंद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी सवय. फीत, कॅमेरा आणि रेडी रेकनर सगळ्यांकडेच असतं.

इथे एक पेच आहे. पूर येऊनही बाजारपेठेतला गाळा स्वस्त होतोच असं नाही. गिऱ्हाईक तिथेच येतं. मग व्हॅल्युअरने स्वतःच्या भीतीपोटी आकडा कापावा का? मला वाटतं, नाही. बाजार विसरत असेल तर त्याला शिक्षा करणं हे व्हॅल्युअरचं काम नव्हे. त्याने बाजारभाव लिहावा आणि त्याच पानावर पाण्याची उंची, तारीख आणि ती कोणी सांगितली तेही लिहावं. पुढचा निर्णय बँकेचा.

डोंगराकडे हे आणखी अवघड. तिथे दरडी कोसळतात: 2005मध्ये दासगाव, जुई. 2021मध्ये तळिये आणि पोलादपूरकडची साखर सुतारवाडी, केवनाळे. सातबारा क्षेत्र सांगतो, आकार सांगतो, कुळाची नोंद सांगतो. घरामागच्या उताराला गेल्या पावसात भेग पडली का, हे सांगत नाही. त्यासाठी वर चढून जावं लागतं. (गाडीतून फोटो काढून परतणारेही असतात, आणि त्यांचे अहवाल दिसायला अधिक देखणे असतात.)

नवं बांधकाम म्हणजे निर्धोक, हा समजही 24 ऑगस्ट 2020ला खोटा ठरला. महाडच्या काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि 16 जण गेले. ती काही जुनीपुराणी नव्हती. खांब प्लास्टरआड होता, तपासता आला नाही, हे वाक्य अहवालात लिहायला व्हॅल्युअरला कमीपणा वाटू नये.

मालकाला कर्जासाठी आकडा मोठा हवा असतो आणि भावाचा हिस्सा देताना लहान. दोन्ही वेळा त्याला खूश ठेवणाऱ्या व्हॅल्युअरला कामं भरपूर मिळतात. तरीही बँकांनी व्हॅल्युअर निवडताना एवढं करावं: त्याचा जुना एखादा अहवाल मागवून ‘काय पाहता आलं नाही’ हा मजकूर त्यात आहे का, ते आधी वाचावं.