उशिरा दिलेले पैसे पूर्ण दिलेले असतात का?



आपल्या धर्मग्रामात नोकरदार मंडळी आहेत, तशीच स्वतःच्या हिमतीवर धंदा करणारीही पुष्कळ आहेत. कोणाचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे, कोणी मंडप-डेकोरेशन करतो, कोणी लग्नाचे फोटो काढतो, कोणी भगिनी केटरिंगच्या ऑर्डरी घेते. घरी संगणकावर बसून हिशेब, डिझाईन वा भाषांतराची कामे करणारी मुलेमुलीही आता वाढली आहेत. या सर्वांच्या तोंडी एकच वाक्य ऐकू येते : काम आहे, पण पैसे अडकले आहेत.

पैसे साफ बुडवणारे थोडे असतात. बहुतेक जण देतात, पण सहा महिन्यांनी आणि दहा खेपा घालायला लावून. वर विचारतात, "शेवटी दिले ना सगळे?" हे उत्तर न्यायाला धरून आहे का, याचा आज आपण विचार करू या.

समजा, वर्कशॉपवाल्याने आपल्या घराचे गेट बनवले. त्याने लोखंड उधारीवर आणले, कामगाराला शनिवारी मजुरी दिली, विजेचे बिल भरले. आपण सहा महिने पैसे दिले नाहीत, तर तेवढे दिवस आपले गेट कोणाच्या पैशावर उभे होते? त्याच्या. म्हणजे लहान माणसाने आपल्याला कर्ज दिले, तेही बिनव्याजी आणि आपण न मागता घेतलेले. सहा महिन्यांनी आपण रक्कम फेडतो. पण त्याने भरलेले व्याज, मुलाची लांबलेली फी आणि आपल्या दारातल्या खेपा कोण फेडणार?

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकातच याचा उलगडा केला आहे. दुसऱ्याचे देणे अडवून ठेवणे, हे त्याची वस्तू अन्यायाने घेण्यासारखेच नुकसान करते, असे ते सांगतात. कारण दोन्हींत मालकाला आपली वस्तू वापरता येत नाही. म्हणून देणे ताबडतोब द्यावे. ते शक्य नसेल, तर ज्याचे आहे त्याच्याकडे मुदत मागावी. यातला दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे. अडचण कोणालाही येते आणि मुदत मागण्यात कमीपणा नाही. न विचारता मुदत घेणे आणि फोन न उचलणे, इथे अन्याय सुरू होतो.

आपल्या देशाचा कायदाही आज हेच म्हणतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्यानुसार, नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाने वस्तू बनवून दिली किंवा सेवा दिली, तर ठरलेल्या तारखेस पैसे द्यावे लागतात. ती तारीख माल वा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडची ठरवता येत नाही. काहीच ठरले नसेल, तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. तक्रारीसाठी राज्यात सुलभीकरण परिषदा आहेत. त्यासाठी लागणारी 'उद्यम' नोंदणी २०२० पासून ऑनलाईन व विनाशुल्क होते. घरून एकट्याने सेवा देणाऱ्यालाही ती करता येते. आपल्या तरुणांनी ती काम घेण्याआधीच करून ठेवावी.

मग अडचण कुठे आहे? हक्क कागदावर आहे, पण तो वापरायचा कसा? नोटीस पाठवली, तर पैसे कदाचित मिळतील, पण पुढचे काम जाईल. गावात नाव होईल, "हा कोर्टात खेचतो." म्हणून लहान माणूस गप्प बसतो आणि आपण त्याच्या गप्प बसण्याला संमती समजतो. ज्याला मागण्याची भीती वाटते, त्याचे देणे आधी द्यायचे असते. मजुराची मजुरी रात्रभरही ठेवू नका, ही लेवीय व अनुवाद या पुस्तकांतली आज्ञा याच कारणासाठी आहे. तो गरीब असतो आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो.

काही जण कायद्याचीच ढाल करतात : "तीन वर्षे होऊन गेली, आता काय देणे?" १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे तीन वर्षांनंतर अशा पैशांसाठी दावा लावता येत नाही, हे खरे आहे. परंतु मुंबईच्या एका कापड गिरणीच्या, कामगारांच्या न दिलेल्या वेतनासंबंधीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच स्पष्ट केले, की मुदत संपल्याने कर्ज नाहीसे होत नाही. ते फक्त कोर्टातून वसूल करता येत नाही. कोर्टाचे दार बंद झाले, तरी विवेकबुद्धीचे उघडेच राहते.

आता धंदा करणाऱ्यांसाठी दोन शब्द. ओळखीत लिहून कसे घ्यायचे, असा संकोच करू नका. तोंडी करारही कायद्याने करार ठरू शकतो, पण तो सिद्ध करणे कठीण जाते. काय काम, किती पैसे, कोणत्या तारखेला, एवढे एका कागदावर किंवा फोनवरच्या संदेशात असू द्या. त्याने मैत्री तुटत नाही, उलट टिकते. आपले मागणे म्हणजे लोभ नव्हे. संत पौलाने करिंथकरांना आपसांतील खटल्यांबद्दल खडसावले. पण त्याच ठिकाणी भावाला लुबाडणाऱ्यांनाही त्याने सोडले नाही. तडजोड करून देईल असा एकही शहाणा तुमच्यात नाही का, असे तो विचारतो. तेव्हा आधी समोरासमोर बोला, मग दोघांना मान्य अशा वडीलधाऱ्याला मध्ये घ्या. तरीही न्याय मिळाला नाही, तर कायद्याकडे जाण्यात पाप नाही. मात्र हाच न्याय आपल्यालाही लागू आहे : अॅडव्हान्स घेऊन काम रखडवणारा दुसऱ्याचे पैसेच अडवून ठेवत असतो.

आम्हा धर्मगुरूंना आणि आपल्या चर्चलाही यातून सूट नाही. सणाचा मंडप, रोषणाई, बँड, छपाई या प्रत्येक बिलामागे एक घर असते. "देवाचे काम आहे, थांबा जरा," असे कोणीही म्हणू नये. देवाच्या कामात तर उशीर मुळीच नसावा.

या आठवड्यात प्रत्येकाने घरचा ड्रॉवर उघडून पाहावा. कोणाचे बिल पडून असेल, तर पुढच्या रविवारच्या मिस्साआधी चुकते करावे. नसेल जमत, तर फोन करून तारीख सांगावी आणि ती पाळावी. न्यायी परमेश्वर आपणा सर्वांच्या कष्टांवर आशीर्वाद देवो.

— आपले प्रमुख धर्मगुरू