पेशींचा होकार, पेशींचा नकार

कर्करोगावरच्या नव्या औषधाची पहिली परीक्षा अनेकदा तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटवर होते. तिच्यात 96 खळगे, प्रत्येकात काही हजार कर्कपेशी. त्यांवर औषधाच्या चढत्या मात्रा सोडायच्या, 48 तास थांबायचं, मग आम्लाने पेशी जागच्या जागी थिजवून सल्फोऱ्होडामाइन-बी हा गुलाबी रंग घालायचा. रंग प्रथिनांना चिकटतो. उरलेला धुऊन टाकला की पेशी भरपूर वाढल्या तिथे गडद गुलाबी दिसतं, औषधाने वाढ रोखली तिथे फिकट. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातही औषधांची चाळणी याच रंगाने लावतात.

आधी हे काम उंदरांवर चाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1955 पासून मोठ्या प्रमाणावर औषधं तपासायला घेतली, आणि पुढे रक्ताचा कर्करोग झालेले उंदीर हीच मुख्य कसोटी ठरली. साहजिकच हाती लागलेली औषधं रक्ताच्या कर्करोगावर चालत. फुप्फुसातल्या, आतड्यातल्या गाठी त्यांना दाद देत नसत. म्हणून 1990 मध्ये माणसाच्या वेगवेगळ्या कर्करोगांतल्या 60 सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींचे वंश, कामाला लागल्या.

फुप्फुसाच्या पेशी मारणारं औषध फुप्फुसाच्या रुग्णाला लागू पडेल, ही त्यामागची आशा फारशी फळली नाही. फळलं ते वेगळंच. याच संस्थेतल्या केनेथ पॉल यांनी साठही सेल लाइनची उत्तरं शेजारी शेजारी मांडली, तेव्हा प्रत्येक औषधाचा स्वतःचा ठसा दिसू लागला. ठसे जुळले, तर औषधांची काम करण्याची रीतही बहुधा तीच! समुद्री स्पंजातल्या हॅलिकॉन्ड्रिन-बीचा ठसा पेशीविभाजन अडवणाऱ्या औषधांशी असाच जुळला. त्या रेणूवरून घडवलेलं एरिब्युलिन 2010 मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं.

त्याआधीच प्रश्नाची दिशा रुग्णाकडे वळली होती. लघवीचं कल्चर करून अँटिबायोटिक निवडतात, तशी केमो का निवडू नये? 1977 मध्ये अ‍ॅरिझोनात अ‍ॅन हॅम्बर्गर आणि सिडनी सॅमन यांनी रुग्णांच्या गाठींतल्या पेशी अगारच्या जेलीत वाढवून दाखवल्या. अनुभव असा आला, की प्लेटमध्ये दाद न देणारी गाठ रुग्णातही सहसा दाद देत नसे. प्लेटमध्ये हार मानलेली मात्र अंगात अनेकदा तग धरी. प्लेटमध्ये यकृत नसतं, रक्तवाहिन्या नसतात, गाठीभोवतीची वस्ती नसते. अमेरिकी कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2004 मध्ये आणि पुन्हा 2011 मध्ये, संशोधनाबाहेर अशा तपासण्यांवरून केमो ठरवू नये, असंच सांगितलं. अमुक अर्काने कर्कपेशी मेल्या, ही बातमी वाचून चालू उपचार सोडणाऱ्यांपर्यंत प्लेट आणि शरीर यांतला हा फरक पोहोचलाच पाहिजे. त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

2018 मध्ये लंडनच्या संशोधकांनी पचनमार्गाच्या पसरलेल्या कर्करोगांतून ऑर्गनॉइड, म्हणजे पेशींचे त्रिमितीय गोळे, वाढवले. औषध चालेल हा त्यांचा होकार 88 टक्के वेळा रुग्णातही खरा ठरला, नकार 100 टक्के. रुग्ण मोजकेच होते. शिवाय ऑर्गनॉइड वाढायला आठवडे लागतात, काही गाठींचे तर वाढतच नाहीत, आणि पसरलेल्या कर्करोगात पुढची केमो ठरवायला डॉक्टरांच्या हाती बरेचदा तेवढे दिवस नसतात.