मारका बैल आणि धाब्याचा कठडा

शास्त्रपाठ : निर्गम २१:२८-२९, अनुवाद २२:८



बैलानें एकाएकीं कोणास ठार केलें, तर मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें धन्यास दोष नाहीं. परंतु तो मारका आहे हें पूर्वीं कळविलें असूनही धन्यानें त्यास बांधून ठेविलें नाहीं, तर धनी दोषी. येथें कपटी मनास एक पळवाट सुचते. शेजारी सांगावयास येतांना दिसला कीं दार लावून घ्यावें. मग मला कोणी कळविलेंच नाहीं!

ज्या देशांतून आपल्या कित्येक मंडळ्यांस सुवार्तिक आले, त्या अमेरिकेंत बंदुकांच्या विक्रींत ही पळवाट आजही उघडी आहे. १९८१ मध्यें राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हां त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रेडी मस्तकांत गोळी लागून जन्माचे पंगू झाले. १९९३ च्या कायद्यास त्यांचेंच नांव आहे. परवानेदार दुकानदारानें बंदूक देण्यापूर्वीं गिऱ्हाइकाचें नांव सरकारी नोंदींशीं ताडून पाहावें लागतें : मोठ्या गुन्ह्याची शिक्षा झाली आहे काय, बायकोस मारहाण केल्याबद्दल तो दोषी ठरला आहे काय, इत्यादि. १९९८ पासून हें काम बहुधा कांहीं मिनिटांत होतें. पण धंदा न करणाऱ्या माणसानें घरची बंदूक आपल्याच राज्यांतील दुसऱ्यास विकली, तर संघराज्याचा कायदा त्यास अशी तपासणी करावयास लावीत नाहीं. अपात्र माणसास जाणूनबुजून विकूं नको, एवढेंच सांगतो. म्हणजे न विचारणारा सुखी! कित्येक राज्यांनीं ही फट आपल्या हद्दीपुरती बुजविली आहे, कित्येकांनीं नाहीं.

टेक्सासांत २०१४ सालीं एक इसम या तपासणींत नापास झाला व त्यास बंदूक मिळाली नाहीं. पुढें ती त्यानें एका खासगी विक्रेत्याकडून घेतली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं मिडलंड व ओडेसा येथें सात जणांचे प्राण घेतले. विक्रेत्यास शिक्षा झाली खरी, पण ती विनापरवाना धंदा केल्याबद्दल. बैल मारका आहे हें एका दारीं कळलें होतें. दुसऱ्या दारीं कोणी विचारलेंच नाहीं.

विरोधक म्हणतात, दुष्ट मनुष्य चोरूनही बंदूक मिळवील. हें खोटें नव्हे. २०१२ मध्यें न्यूटाउनच्या शाळेंत २० मुलें व ६ मोठीं माणसें मारणाऱ्याजवळ त्याच्या आईनें रीतसर घेतलेल्या बंदुका होत्या. मुद्दाम उडी टाकणारास कठडा अडवीत नाहीं. तरी अनुवादांत देवानें घर बांधणारास धाब्याला कठडा करावयास सांगितलें आहे, आणि "मला ठाऊक नव्हतें" या सबबीस तेथें जागाच ठेविली नाहीं. कोणी पडण्याची वाट न पाहतां कठडा बांधावयाचा.

१७ एप्रिल २०१३ रोजीं तेथील सेनेटमध्यें प्रदर्शनांतील व जाहिरातींवरील खासगी विक्रीस तपासणी लावण्याची सूचना आली. अनुकूल ५४, प्रतिकूल ४६. हवीं होतीं ६०. सूचना पडली. तथापि सक्ती नसतांही विक्रेत्यास परवानेदार दुकानीं जाऊन, थोडी फी भरून, ही तपासणी करवून घेतां येते. त्यास कोणताही कायदा आडवा येत नाहीं.