खासगी निवाडा आणि रीतीची प्रकटता

न्यायालयात न जाता, उभय पक्षांच्या संमतीने नेमलेल्या त्रयस्थाकडून तंट्याचा निर्णय करून घेण्याच्या पद्धतीला, आणि त्या त्रयस्थालाही, लवाद म्हणतात. भारताच्या 1996 च्या लवाद व सलोखा कायद्यानुसार हा निवाडा पक्षांवर बंधनकारक असतो, तो रद्द करण्याची कारणे मर्यादित आहेत, आणि 2019 च्या दुरुस्तीने कामकाजाची गोपनीयताही सांभाळावी लागते. जे लोकांसमोर घडत नाही आणि ज्याचे गुणदोष वरचे न्यायालय सहसा नव्याने तपासत नाही, ते न्याय्य आहे असे कशावरून मानायचे, हा तात्त्विक प्रश्न येथूनच उद्भवतो.

इमॅन्युएल कांट याने 1795 च्या शाश्वत शांततेवरील निबंधात एक कसोटी मांडली: इतरांच्या हक्कांना स्पर्श करणाऱ्या ज्या कृतीमागचे तत्त्व जाहीर होताच ती कृती साधणे अशक्य होते, ती अन्याय्य होय. ही कसोटी लवादाला लावताना तंट्याचा मजकूर आणि निवाड्याची रीत यांत भेद करावा लागतो. भागीदारांचे हिशेब किंवा कुटुंबातील वाटणी गुप्त राहण्यात कोणाचाही हक्क बुडत नाही. परंतु लवाद कसा नेमला जातो, नोटीस कधी पोहोचली असे धरले जाते आणि उत्तरासाठी किती मुदत मिळते, हे नियमच दडलेले असतील, तर दुबळ्या पक्षाला आपल्यावर अन्याय झाला हे दाखवताही येत नाही.

ऑनलाइन लवादात यांतील बरेच नियम सॉफ्टवेअरच अमलात आणते, त्यामुळे त्याची आज्ञावली हीच कार्यपद्धतीचा भाग बनते. निकालात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात ठरवले. मात्र शेकडो कर्जदारांविरुद्ध दावे लावणाऱ्या वित्तसंस्थेच्या सोयीचीच नावे एखादी बंद प्रणाली पुढे करीत असेल, तर या तत्त्वाचा भंग सिद्ध करणे कठीण जाते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याची आज्ञावली वाचण्याचा, बदलण्याचा आणि पुन्हा वाटण्याचा अधिकार परवान्यानेच सर्वांना दिलेला असतो असे सॉफ्टवेअर, ही अडचण कमी करते. परवान्याचे शुल्क नसल्याने ग्राहक संघटना किंवा व्यापाऱ्यांचा संघ ते स्वतः चालवू शकतो आणि आपल्या भाषेत आणू शकतो. आज्ञावली प्रत्येकाला वाचता येत नाही हा आक्षेप खरा असला तरी निर्णायक नाही, कारण कायदाही प्रत्येकाला वाचता येत नाही, तरी जाणत्याकडून तपासून घेण्याचा मार्ग मोकळा असतो. मात्र प्रसिद्ध केलेली आणि प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली एकच आहे, याची खात्री करण्याची सोय असली पाहिजे.

तथापि कांटची कसोटी निषेधात्मक आहे: प्रकटतेला न टिकणारी रीत ती अन्याय्य ठरवते, पण टिकणारी प्रत्येक रीत न्याय्य असल्याची हमी देत नाही. 2018 मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवर सुरू झालेल्या क्लेरोस या मुक्तस्रोत प्रणालीत पंच टोकन पणाला लावून मत देतात आणि बहुमताविरुद्ध मत देणाऱ्याला त्यातील काही गमवावे लागते. येथे नियम पूर्ण उघडा आहे, परंतु इतर पंच काय म्हणतील याचा अंदाज म्हणजेच न्यायबुद्धी काय, हा प्रश्न उरतोच. मराठा काळातील गोतसभेतही, म्हणजे तंटे सोडवणाऱ्या गावसभेतही, वादी-प्रतिवादींच्या तकरिरी, म्हणजे लेखी जबान्या, आणि निर्णय मान्य करण्याचे राजीनामे घेतले जात, तसेच महजरावर, म्हणजे निर्णयपत्रावर, पाटलापासून बलुतेदारांपर्यंत अनेकांच्या निशाण्या होत. रीत गावासमोर होती, तरी अनेक महजरांवर निशाणी करणाऱ्या महाराला त्याच गावात समान दर्जा नव्हता.

यावरून असे म्हणता येते की प्रकटता ही न्यायाची आवश्यक अट असली तरी पुरेशी अट नाही. मुक्त आज्ञावली सदोष नियम दाखवून देते. तो बदलण्याची मागणी सर्वांत दुबळ्या पक्षालाही करता यावी आणि तिला कोणीतरी सकारण उत्तर देण्यास बांधलेले असावे, ही व्यवस्था मात्र माणसांनाच उभारावी लागते. ती नसेल, तर खासगी लवाद सुलभ होऊनही मिळतो तो केवळ झटपट निकाल.